सोलर अडीच रुपयांत, मग संध्याकाळी सातची वीज एवढी महाग का?

शिफ्टकाका · सोमवार, रात्री ९.४०

परवा एका साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "सोलरची वीज अडीच रुपयांना मिळते म्हणे. मग आम्हाला बारा-तेराने का लावता? मधलं कोण खातं?" मी जिलबी खाली ठेवून सांगायला लागलो, तेवढ्यात वाढपी मठ्ठा घेऊन आला आणि विषय बुडाला. म्हणून हा धागा.

माझी बरीच वर्षं कंट्रोल रूमच्या शिफ्टमध्ये गेली. पूर्वी दुपारची शिफ्ट म्हणजे मारामारी आणि रात्रीची म्हणजे पेंग. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत हे उलटं झालं. भरदुपारी सौर वीज एवढी यायची की औष्णिक केंद्रांना फोन करून "लोड खाली घ्या" म्हणायचं. साडेचारला उन्हं कलली की तीच वीज दर पंधरा मिनिटांनी पायरी उतरायची, आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटारी लागायच्या. मागणी वजा सौर-पवन, अशी जी रेघ उरते तीच खरी आम्ही सांभाळायची. परदेशात तिला बदकाचा आलेख म्हणतात. आमच्या पोरांनी नाव ठेवलं होतं उलटी घसरगुंडी.

ही घसरगुंडी चढायला कोयना लागते. पोफळीला, म्हणजे कोयनेच्या वीजघराला, फोन केला की चहा निवायच्या आत मशीन ग्रिडशी जुळून (सिंक्रोनाइझ होऊन) लोड घेतं. कोळशाच्या थंड संचाला त्यासाठी अख्खा दिवस जातो. "मग कोयनाच जास्त चालवा की," असं लोक म्हणतात. त्याचा हिशोब घ्या. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाप्रमाणे पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. एक घनमीटर पाणी सुमारे ४७५ मीटर खाली आलं की सव्वा युनिटाच्या जरा आत वीज होते, म्हणजे एका टीएमसीची साधारण सव्वातीन कोटी युनिटं. वर्षाची झाली सव्वादोनशे कोटींच्या आतबाहेर. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॉट पूर्ण ताकदीने चालवले तर हे पाणी रोज पावणेचार तास पुरतं. बस्स. (तिसरा टप्पा कोळकेवाडीला तेच पाणी पुन्हा वापरतो, तो यात धरलेला नाही.) राज्याची कमाल मागणी तीस हजार मेगावॉटच्या आसपास असताना आपल्या हातात ही रोज पावणेचार तासांची शिदोरी, आणि तीही १ जूनपासून ३१ मेपर्यंत पुरवायची.

बाजारातही हेच दिसतं. पॉवर एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने गारवा आला, तेव्हा रियल-टाइम बाजारात दुपारच्या काही ब्लॉकना भाव जवळजवळ शून्याला टेकला होता. कडक उन्हाळ्यात संध्याकाळचे ब्लॉक दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटतात, आणि दहा रुपये मोजायची तयारी असूनही सगळ्यांना वीज मिळत नाही. तार तीच आणि युनिटही तेच, फक्त घड्याळात सात तासांचं अंतर.

माझं म्हणणं एवढंच, की आपण युनिटं विकत घेतो, वेळ विकत घेत नाही. टेंडरमध्ये "युनिटमागे किती" विचारतो, "सात वाजता किती देणार" हे विचारायला आत्ता कुठे लागलोय. तुम्हाला काय वाटतं?

---

बिबट्या_शेजारी · सोमवार, रात्री १०.१५

काका, मी जुन्नरचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं थ्री फेज आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी म्हणजे अकराला बॅटरी घेऊन उसात शिरायचं. बांधावर दोन डोळे चमकले की मोटर गेली खड्ड्यात, आधी घर गाठायचं. आमच्या वाडीत संध्याकाळनंतर पोरं अंगणात सोडत नाहीत.

मागच्या वर्षापासून आमचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइन, सोलरवर आला. सबस्टेशनजवळ गायरानात पॅनल उभे राहिले, आता दिवसा लाइट असते. बायको म्हणते तुम्ही रात्री घरी झोपायला लागलात हे नवीनच. पण एक प्रश्न आहे. आठ दिवस ढग राहिले तर आमचं काय? गावात लोक म्हणतात, ऊन नाही तर मोटर नाही.

---

शिफ्टकाका · सोमवार, रात्री १०.३२

दादा, तसं नाही. तो प्रकल्प ३३/११ केव्ही सबस्टेशनला जोडलेला असतो. ढग आले की फीडर ग्रिडवरून चालतो. तुमच्या शेतातला पंप पॅनलला थेट जोडलेला असता तर गावकऱ्यांचं खरं ठरलं असतं.

आणि तुम्हाला एक सांगतो. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी'त १६,००० मेगावॉटचं लक्ष्य आहे. लोक ती सौर योजना म्हणून बघतात, मी तिला वेळेची योजना म्हणतो. रात्रीचा शेतीचा लोड उचलून दुपारी आणला, ना बॅटरी लागली ना धरण. विहिरीतून उपसून वाफ्यात सोडलेलं पाणी हीच साठवण. महाराष्ट्रात सगळ्यात स्वस्तात झालेलं काम हेच.

---

भट्टीवाला_शिरोली · मंगळवार, सकाळी ७.५०

शेतकऱ्याला झोप मिळाली, आनंद आहे. आता आमचं ऐका.

शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, विजेवर धातू वितळवणारी इंडक्शन फर्नेस. आमच्या धंद्यात वीज हाच कच्चा माल. आधीचं टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर, असं होतं: रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सवलत, सकाळी नऊ ते बारा ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. आख्ख्या शिरोलीने गणित त्यावर बसवलं. मेल्टिंग रात्री, फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) दिवसा. रात्रपाळीचे कामगार, त्यांच्या जेवणाचा डबेवाला, पहाटे माल उचलणारा टेंपोवाला, सगळं त्या दीड रुपयावर उभं होतं भावा.

२०२५ पासून सवलत रात्रीची गेली आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचला आली. पाचनंतर जादा. कारण कळतंय, काकांनी छान सांगितलंय. पण आम्ही भट्टी दहा वर्षांच्या हिशोबाने घेतो आणि दर दोन ओळीत बदलतो. दिशा बदलणार हे पाच वर्षं आधी कुणाला तरी दिसत असेलच की. पॅनल एका रात्रीत उगवले नाहीत. पायरी-पायरीने बदललं असतं तर काय बिघडलं असतं?

---

तळ्यात_मळ्यात · मंगळवार, सकाळी ९.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). कोयनेचा पावणेचार तासांचा हिशोब पहिल्यांदाच बघितला.

---

डॅलसची_माई · मंगळवार, सकाळी ११.२०

इकडे रात्र आहे पण हा धागा वाचून झोप उडाली. "बाजारावर सोडा, भाव आपोआप सगळं शिकवेल" असं कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच लिहिते.

टेक्सासमध्ये असाच बाजार आहे. तयार राहण्याचे वेगळे पैसे नाहीत. वीज विकली तर पैसे, नाहीतर नाही. टंचाईत भाव चढेल आणि त्या आशेवर लोक केंद्रं उभारतील, असा विचार. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर ही कमाल मर्यादा गाठली. तेव्हाच्या रुपयांत युनिटला साडेसहाशे. आणि तो भाव चार दिवस तिथेच होता. मिळाली का वीज? नाही. गॅसच्या विहिरी गोठल्या होत्या, केंद्रांमधली उपकरणं गोठली होती. साडेसहाशे रुपये दाखवले म्हणून बर्फ वितळत नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट नंतर कळली. भारनियमन करताना ज्या लाइन बंद केल्या, त्यातल्या काहींवर गॅस पुरवणारेच कॉम्प्रेसर होते. त्यांची नोंद अत्यावश्यक ग्राहक म्हणून कुणी केलीच नव्हती. म्हणजे वीज नाही म्हणून गॅस नाही, गॅस नाही म्हणून वीज नाही. १५ फेब्रुवारीच्या पहाटे सगळी ग्रिड कोसळायला चार मिनिटं सदतीस सेकंद उरले होते.

आमच्या घरी त्या रात्री आत पाच अंश होतं. सासूबाई भारतातून आलेल्या. त्यांनी चार साड्या एकावर एक नेसल्या आणि गॅसच्या शेगडीवर पाणी गरम करून सगळ्यांना पिशव्या दिल्या. शेजाऱ्याचा प्लॅन घाऊक भावाशी बांधलेला होता. महिन्याला शंभर-सव्वाशे डॉलर भरणाऱ्या माणसाला आठवड्याचं बिल काही हजार डॉलर आलं. सरकारी आकड्याप्रमाणे त्या थंडीत २४६ माणसं गेली. त्यानंतर केंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली आणि मर्यादा ५,००० वर आणली. भाव लागतोच, मी बाजाराच्या विरुद्ध नाही. पण पाइपला गरम वेष्टण घालायचं काम नियमाने करून घ्यावं लागलं.

---

राखेचा_माणूस · मंगळवार, दुपारी १.१०

औष्णिक केंद्रात ऑपरेशनला आहे. केंद्राचं नाव विचारू नका.

सोलरवाल्यांच्या कौतुकात आमचं कुणी विचारत नाही. नियमाप्रमाणे युनिट (आमचा वीज बनवणारा संच) ५५ टक्के ताकदीपर्यंत खाली आणता आलं पाहिजे, पुढे ४० टक्के म्हणतात. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात एवढं खाली आलं की बॉयलरमधली ज्वाला अस्थिर होते, तेल मारून धरून ठेवावी लागते. रोज वर-खाली केल्याने जाड धातू तापतो-निवतो-तापतो. मग ट्यूब फुटते आणि युनिट दोन-तीन दिवस बंद. विजेच्या दर युनिटामागे कोळसाही जास्त जातो.

"मग दुपारी बंदच करा" म्हणाल. बंद केलं तर संध्याकाळी सातला येणार कसं? दुपारी आम्ही वीज विकायला चालू नसतो, संध्याकाळसाठी जागे राहायला चालू असतो. त्या जागरणाचे पैसे कोण देणार, एवढाच प्रश्न. रात्री वॉचमन ठेवला आणि चोर आला नाही, म्हणून पगार कापता का?

---

अंजनवेल_९९ · मंगळवार, दुपारी २.२५

@राखेचा_माणूस, वॉचमनचा पगार देतो हो आम्ही. आपल्याकडच्या करारात स्थिर आकार आणि इंधनखर्च असे दोन भाग असतात. केंद्र तयार असेल तर वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. "आपल्याकडे क्षमतेचे पैसे मिळत नाहीत" हे साफ खोटं.

आणि त्यात काय होतं ते आम्ही गुहागरकरांनी बघितलंय. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा, ७४० मेगावॉट, मे १९९९ ला सुरू झाला. नाफ्त्यावर चालणारा, डॉलरशी बांधलेला, घ्या किंवा न घ्या पैसे मोजा. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणंच थांबवलं. माझे मामा तेव्हा तिथे कंत्राटदाराकडे होते. सकाळी गेटवर गेले तर आत सोडेनात. महाग वॉचमन चुकीच्या दारावर बसवला की काय होतं याचा तो धडा. तेव्हा हमी द्यायला ना नाही, पण किती क्षमता लागणार याचा अंदाज कुणी काढला, आणि चुकला तर भुर्दंड कुणावर, हे आधी लिहून घ्या.

---

कॅम्पातला_पुणेकर · मंगळवार, सायंकाळी ५.४५

पुण्याचा विषय कोणीच काढला नाही म्हणून आम्हालाच काढावा लागतो. (हसू नका.)

२००६ मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना पुणे त्यातून बाहेर पडलं. शहराची तूट शंभर मेगावॉटच्या आतबाहेर होती. त्याच शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर पडून होते. ठरलं असं, की टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, ग्रिडवरून तेवढी वीज कमी घ्यायची आणि वाचलेली वीज शहराला. डिझेलचा जादा खर्च महिन्याला ३०० युनिटांच्या वर वापर असणाऱ्यांनी भरायचा, युनिटमागे ४२ पैसे. नावच होतं विश्वासार्हता आकार. सीआयआय ही उद्योजकांची संघटना आणि प्रयास ही पुण्याची संस्था यांनी मांडलं, वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन मंजूर केलं.

धूर झाला, ते खरं. पण मुद्दा लक्षात घ्या. "वीज" आणि "वीज जाणार नाही याची हमी" ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुसरीची किंमत बिलावर वेगळी छापली. आमच्या सोसायटीत त्यावर दोन मीटिंगा झाल्या. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी "४२ पैसे का?" म्हणून भांडले, आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदलायचे पैसे वाचले तेव्हा गप्प झाले.

---

हिशोबी · मंगळवार, रात्री ८.३०

दाभोळही नको आणि डिझेलही नको. बॅटरीचे आकडे मांडतो, चुकलो तर सांगा.

२०२२ च्या पहिल्या मोठ्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीचं भाडं मेगावॉटमागे महिन्याला दहा लाखांच्या वर होतं. २०२४-२५ च्या निविदांत, केंद्राचं अनुदान धरून, ते सव्वादोन लाखांच्या आसपास आलं. एक मेगावॉट, दोन तास, रोज एकदा भरली-रिकामी केली तर महिन्याला ६०,००० युनिटं. भाडं पडलं युनिटला पावणेचार रुपये. दुपारची अडीचची वीज आत घातली, वाटेत पंधरा टक्के गेली, म्हणजे ती झाली तीनच्या जवळ. एकूण पावणेसात. पंगतीतल्या त्या गृहस्थांना काकांनी हाच आकडा सांगावा. सोलर अडीच, पण सातची सोलर पावणेसात. वर वहन, गळती आणि बाकीचं आलंच.

सेकी या केंद्राच्या सौर कंपनीच्या एका निविदेचा लिलाव जानेवारी २०२० मध्ये झाला, तिच्यात हे घड्याळ प्रथमच नीट लिहिलेलं दिसलं. गर्दीच्या तासांचा भाव वेगळा, बाकी तासांचा ठरलेला २.८८. गर्दीच्या तासांना बोली लागली ६.१२ आणि ६.८५. सगळ्या करारांत हे का नाही, हा माझा प्रश्न.

---

कळसूबाईचा_नातू · मंगळवार, रात्री ९.१५

बॅटरी चीनवरून आणायच्या आधी सह्याद्री बघा. घाटघर २००८ पासून चालतंय. २५० मेगावॉट, वर अकोले तालुक्यात धरण, खाली शहापूरकडे चोंढ्याला दुसरं. वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडायचं. चढवायला शंभर युनिटं लागली तर परत पंचाहत्तर-ऐंशी मिळतात.

आता अशा प्रकल्पांची रांग लागली आहे. पण घाटमाथ्यावरचा माणूस म्हणून सांगतो, प्रत्येक दरीत तळं बसवायचं ठरवलं तर देवराया आणि वाड्या कुठे जाणार? आजोबांची जमीन एका तळ्यात गेली. लाइट मात्र आमच्याकडे बरीच वर्षं उशिरा आली. एवढं लिहून थांबतो, धाग्याचा विषय वेगळा आहे.

---

फेज_गेली · मंगळवार, रात्री ९.४०

हे सगळं ठीक, पण स्पेनचं काय? २८ एप्रिल २०२५ ला भरदुपारी देश अंधारात. सोलर जास्त झालं की असंच होणार.

---

शिफ्टकाका · मंगळवार, रात्री १०.५०

@फेज_गेली, स्पेनमध्ये वीज कमी पडली नव्हती. व्होल्टेज वर गेलं, ते खाली धरणारं पुरेसं कोणी नव्हतं, म्हणून केंद्रं एकामागून एक ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. सौर प्रकल्पांकडून व्होल्टेज सांभाळायचं काम करून घेता येतं. इन्व्हर्टरला ते जमतं, पण नियमात मागावं लागतं.

@भट्टीवाला_शिरोली, तुमचं दुखणं रास्त आहे. दर हा सिग्नल असेल तर तो गाडी चौकात आल्यावर बदलून चालत नाही.

@हिशोबी, आकडे बरोबर, पण बॅटरी दोन तासांची आणि आपली अडचण कधीकधी दोन आठवड्यांची असते. माझ्या नोकरीत मला भीती वाटायची ती ऑक्टोबरची. एप्रिल-मे कडक असतो, पण अपेक्षित असतो. पावसाळ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि धुळ्याकडे पवनचक्क्या जोरात फिरतात, पंप बंद असतात. ऑक्टोबरला पाऊस जातो, वारा पडतो, उकाडा वाढतो आणि रब्बीचे पंप सुरू होतात. कोळसा खाणीतून ओला येतो. २०२१ ला ऑगस्टपासूनच साठे घसरले आणि ऑक्टोबरमध्ये देशभर धावपळ झाली. तेव्हा कोयनेत पाणी भरपूर असतं, पण ते मेपर्यंत पुरवायचं असल्याने हात आखडतो.

जून २०२३ मध्ये केंद्राने नियमावली काढली. प्रत्येक वितरण कंपनीने पुढच्या दहा वर्षांची मागणी तासागणिक मांडायची आणि त्या-त्या तासाला कोण उभा राहणार ते दाखवायचं. त्यात एक हजार मेगावॉट सोलर म्हणजे संध्याकाळी सातसाठी शून्य धरायचं, तेच बॅटरीला जोडलं तर वेगळं, कोयना पूर्ण धरायची पण पाणी बघून. माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. हा तक्ता प्रामाणिक झाला तर अंजनवेलवाल्यांना किती वॉचमन लागतात ते कळेल, आणि राखेच्या माणसाला किती रात्री जागायचं ते. मात्र तो तक्ता मराठीत, जाहीर सुनावणीत, भट्टीवाल्यांसमोर ठेवला पाहिजे.

---

भट्टीवाला_शिरोली · बुधवार, दुपारी ३.०५

काका, ठेवा समोर, मी येतो सुनावणीला.

आज पहिल्यांदा पूर्ण दिवसपाळीत हीट (भट्टीचा एकेक घाणा) काढली. सकाळी सव्वानऊला फर्नेस चालू, पाचच्या आत सहा हीट बसवायच्या होत्या, पाच झाल्या. बाहेर ३५, भट्टीसमोर विचारू नका. ओतकाम करणारे मामा म्हणाले, "मालक, रात्रीच बरं होतं, निदान वारा असायचा." ताक आणि कलिंगड ठेवलंय, दर तासाला माणूस बदलतोय. बिल आलं की आकडे इथेच टाकतो.

---

बिबट्या_शेजारी · बुधवार, दुपारी ३.३०

भट्टीवाले दादा, आकडे नक्की टाका. आमच्याकडे आज ढग आहेत. मोटर चालू आहे.